पडल्याशिवाय मांड पक्की होत नाही?

नमस्कार. मोकळेपणाने लिहिलंत, बरं वाटलं. तुमचं म्हणणं असं की घोडेस्वारी पडून-धडपडूनच येते. प्रशिक्षकाला पैसे मोजून, त्याने धरलेल्या लांब दोरीला बांधलेल्या घोड्यावर बसून गोल गोल फिरणं म्हणजे शहरी चोचले. मावळ्यांनी कुठे क्लास लावले होते? पैशांबद्दल वाद घालत नाही. फी खरंच अनेकांच्या आवाक्याबाहेर आहे आणि त्याचं मला वाईट वाटतं. बाकीचं मात्र अजिबात पटलं नाही.

मावळे मुख्यतः पायदळात. घोड्यावर असत ते बारगीर (सरकारी घोड्यावरचे स्वार) आणि शिलेदार (स्वतःचा घोडा आणणारे). शिवकालावरच्या सभासद बखरीत पागेची, म्हणजे सरकारी घोडदळाची, रचना दिली आहे: २५ बारगिरांवर एक हवालदार, २५ घोड्यांमागे एक पखालजी (पाणी वाहणारा) आणि एक नालबंद (नाल ठोकणारा). घोड्याच्या पाण्याची आणि नालाची इतकी काळजी घेणारी माणसं स्वारी नशिबावर सोडत असतील, असं मला तरी वाटत नाही. माथेरानच्या घोडेवाल्यांची मुलंही बापाच्या नजरेखालीच तयार होतात. तोच त्यांचा प्रशिक्षक.

आता दोरीबद्दल. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्येही नवशिक्यांना आधी लांब दोरीवरच बसवतात, रिकीब (पाय ठेवायची कडी) नाही, लगाम नाही. भीती वाटली की आपण पुढे झुकतो, गुडघे आवळतो, टाचा वर येतात आणि हात लगाम खेचून धरतात. म्हणजे पाय घोडीला 'चल' म्हणतात आणि हात 'थांब'. ती बिचारी मान झटकते, आपण आणखी आवळतो. हे वरून कळतच नाही. खाली उभ्या माणसाला मात्र दिसतं. आमचे सर एवढंच म्हणतात, "श्वास सोडा, टाच खाली." श्वास सुटला की कंबर सैल होते, हात आपोआप ढिले पडतात आणि घोडी मान खाली घेऊन फुरफुरते. लगामाचा ताण नेमका कधी सोडायचा, हे ते तिथेच शिकवतात. घोडं दाबाने शिकत नाही, दाब सुटतो त्या क्षणाला शिकतं. सोडायला उशीर झाला तर आपण भलतंच शिकवून बसतो.

तुम्ही लिहिलंत, "भीती मनात असते, घोड्याला काय कळते?" कळते हो! २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासात माणसांना ठरलेल्या अंतरात घोडा चालवायला सांगितला. शेवटच्या फेरीआधी सांगितलं, आता घोड्याजवळ छत्री उघडणार. छत्री उघडलीच नाही. तरी माणसाच्या छातीचे ठोके वाढले आणि त्याच्याबरोबर घोड्याचेही. अशा घोड्यावर नुसतं धाडस करून काय मिळणार?

मुलीला शिकवायचंय म्हणालात, म्हणून एक सांगतो. फी विचारण्याआधी तासभर कुंपणाशी उभे राहा. हेल्मेट प्रत्येकाच्या मापाचं देतात का, पाय रिकिबीत अडकू नये म्हणून टाच असलेले बूट घालायला सांगतात का, आणि बसण्याआधी मुलांच्या हाती खरारा (घोडा घासायचा ब्रश) देतात का, ते बघा. घोड्यांच्या पाठी आणि तोंडाचे कोपरेही पाहा. तिथे जखमा दिसल्या तर मुलीला घेऊन सरळ घरी या.