जुने लिहिण्याचे मेज रोजच्या वापरासाठीच पारखावे : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

जुने लिहिण्याचे मेज कसे निवडावे, या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपला मुख्य आक्षेप असा आहे की, ‘दर्शनी बाजूला भुलू नका, आधी खण पूर्ण बाहेर काढून पाहा आणि जुने पॉलिश खरवडू नका’ हा सल्ला संग्राहकांच्या कामाचा आहे. ज्यांना त्या मेजावर दिवसभर लॅपटॉप ठेवून काम करायचे आहे आणि संध्याकाळी त्यावरच मुलीचा अभ्यास व्हायचा आहे, त्यांना त्याचा उपयोग नाही. मुंबईत ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात आपल्याला गोलाकार कोपऱ्यांचे, लखलखीत पॉलिशचे एक मेज ‘शंभर वर्षांपूर्वीचे अस्सल बर्मा टीक’ म्हणून दाखवण्यात आले. ते आपल्या मनात भरले, परंतु खणांचा तळ प्लायवूडचा आणि काही स्क्रू चौफुलीच्या खाचेचे निघाल्यामुळे घरच्यांनी ते नकली ठरवले. एवढी पारख करत बसण्यापेक्षा नवे सागवानी मेज करून घ्यावे, असे आपले म्हणणे आहे.

खण बाहेर काढून पाहण्याचा माझा आग्रह रोज वापरणाऱ्यासाठीच आहे, आणि तो मी पुन्हा धरते. मेजाचा सर्वांत जास्त राबणारा भाग म्हणजे खण, आणि मेज किती मन लावून केले आहे हे तिथे जितके स्पष्ट कळते तितके वरच्या फळीवरून कधीच कळत नाही. खण काढून उलटा करावा आणि खिडकीपाशी उजेडात न्यावा. चांगल्या जुन्या कामात दर्शनी फळी आणि बाजूच्या फळ्या डव्हटेल सांध्याने, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारख्या टोकाला रुंद होणाऱ्या दात्यांनी, एकमेकींत गुंतवलेल्या असतात. हा सांधा हाताने कापलेला असेल तर त्याचे सगळे दाते तंतोतंत एकाच मापाचे नसतात, आणि त्यांच्या मुळाशी सुताराने आखणीसाठी ओढलेली बारीक रेघ बहुधा अजून दिसते. तळाला सलग लाकडाची फळी असेल तर तिच्या कडा तासून पातळ केलेल्या असतात आणि ती खोबणीत नुसती सरकवलेली असते. तिला चहूबाजूंनी सरस लावून जखडत नाहीत, कारण लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने पावसाळ्यात फुगते आणि कोरड्या हवेत आकसते, आणि हलायला जागा मिळाली नाही तर फळी चिरते. मुंबईच्या हवेत राहणाऱ्या आणि खोलीत वातानुकूलन यंत्र चालवणाऱ्या कुटुंबासाठी ही बाब किती महत्त्वाची आहे, हे वेगळे सांगायला नको.

त्यानंतर झीज पाहावी. खणाच्या बाजूच्या फळ्यांची खालची कड वर्षानुवर्षे घासून किंचित खोलगट होते, आणि ज्या पट्टीवर खण सरकतो तिच्यावरही त्याच जागी घळ पडते. या दोन खुणा एकमेकींशी जुळल्या तर खण त्याच मेजाचा आहे असे समजावे. झीज फार झाली असेल तर खण ओढताना पुढे झुकतो, परंतु झिजलेल्या कडेला सागवानाची पातळ पट्टी जोडणे हे कोणत्याही बऱ्या सुताराचे थोड्या वेळाचे काम आहे, तेवढ्यासाठी मेज नाकारू नये. खणाच्या आतला रंगही बरेच काही सांगतो. जुन्या कामात आतून पॉलिश क्वचितच केलेले असते, त्यामुळे तिथले लाकूड कोरडे, असमान काळवंडलेले आणि हात लागणाऱ्या कडेला अधिक गडद दिसते. आत-बाहेर, वर-खाली सर्वत्र एकच कॉफीसारखा रंग असेल, तर वेगवेगळ्या ठिकाणचे लाकूड एकसारखे दिसावे म्हणून तो चढवला असण्याची शक्यता मोठी आहे.

पाडलेल्या वाड्यांच्या आणि बंगल्यांच्या तुळया व दारे चिरून त्या लाकडातून नवे फर्निचर घडवण्याचा धंदा आपल्याकडे उघडपणे चालतो, आणि त्यात गैर काही नाही. ते लाकूड मुरलेले असते, त्याचे मेज उत्तम होऊ शकते. मात्र ते मेज नवे असते, आणि त्याची किंमत नव्या मेजाचीच असायला हवी. जिथे खिळ्याचे काहीच काम नाही अशा जागी, उदाहरणार्थ पायाच्या मधोमध, लांबी (पुट्टी) भरून बुजवलेली खिळ्यांची भोके दिसली तर ते लाकूड आधी दुसरीकडे कामी आलेले आहे हे नक्की.

आता आपण पाहिलेल्या मेजाविषयी. केवळ प्लायवूडच्या तळामुळे ते नकली ठरत नाही. गोलाकार कोपरे आणि प्लायचा तळ ही दोन्ही लक्षणे एकत्र वाचली, तर ते १९३० ते १९५० च्या दरम्यानचे आर्ट डेको धाटणीचे, म्हणजे त्या काळच्या गोलाईदार, भौमितिक शैलीचे मेज असावे, असा माझा कयास आहे. मरीन ड्राइव्हवरच्या इमारती ज्या काळात उभ्या राहिल्या, त्याच काळात घरांतल्या सामानालाही ते वळण आले, आणि कोपऱ्यांना गोलाई देण्यासाठी प्लाय आणि व्हिनियर (वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) हे त्या काळच्या चांगल्या कारागिरांचे नेहमीचे साधन होते. म्हणजे विक्रेत्याची शंभर वर्षे खरी नसावीत, तरी मेज खरे असू शकते. चौफुलीच्या खाचेचे स्क्रू अमेरिकेत १९३० च्या दशकात आले. ते बिजागरीला किंवा कुलपाला असतील तर बहुधा दुरुस्तीत बदललेले आहेत, आणि शेजारी जुन्या स्क्रूचे भोकही सापडेल. मुख्य चौकटच त्यांनी जोडलेली असेल, तर मेज बहुधा पूर्ण उकलून पुन्हा बांधलेले आहे किंवा अलीकडे घडवलेले आहे.

‘बर्मा टीक’ या दोन शब्दांसाठी जादा पैसे देऊ नयेत, असे मी ठामपणे म्हणते. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनची स्थापना १८६३ साली झाली आणि ब्रह्मदेशातला साग मुंबईत आला, हे खरेच आहे. पण महाराष्ट्रातल्या बल्लारशाचा आणि कर्नाटकातल्या दांडेलीचा सागही तितक्याच जुन्या मेजांत सापडतो, आणि पॉलिश चढलेल्या फळीकडे नुसत्या डोळ्यांनी पाहून त्यांतला भेद खात्रीने सांगता येत नाही. फळी सरळ रेषांची, गाठी नसलेली आणि खोडाच्या सालीलगतचा पांढुरका भाग टाळून काढलेली आहे का, एवढे पाहावे. सागाचा गाभा सहसा किडत नाही, कीड धरते ती त्या पांढुरक्या भागाला. बारीक भोके दिसली तर मेजाखाली काळा कागद अंथरून फळी ठोकावी. फिकी, ताजी पिठी पडली तर कीड जिवंत असण्याचा दाट संशय घ्यावा आणि तिचा बंदोबस्त झाल्याखेरीज ते मेज घरात आणू नये.

पॉलिशबाबत मात्र आपला आणि माझा खरा मतभेद आहे. मळकट मेज तसेच ठेवा असे मी कुठेही सुचवलेले नाही. ते जरूर पुसावे, त्याला मेण द्यावे. माझा विरोध यंत्राने घासून वरचा थर काढण्याला आहे. जुने व्हिनियर हाताने चिरलेले असेल तर ते दीड-दोन मिलिमीटर जाड असते, पण यंत्राने काढलेले त्याच्या निम्म्याहूनही पातळ असते, आणि आपण पाहिलेल्या धाटणीच्या मेजावर तेच असण्याची शक्यता अधिक आहे. काचकागदाचा हात थोडा जड पडला की खालचा प्लाय उघडा होतो, आणि तो पुन्हा झाकता येत नाही. शिवाय स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे जुने पॉलिश जिथे खराब झाले तिथेच दुरुस्त होते, कारण नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होतो. पॉलियुरेथेन या कृत्रिम पॉलिशच्या चकचकीत थराला ओरखडा पडला, तर बहुतेक वेळा सगळी फळी नव्याने करावी लागते. आपल्या घरी मूल आहे, म्हणजे ओरखडे पडणारच, तेव्हा हा हिशेब आपल्याला अधिक लागू आहे. न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा क्षणभर टेकवावा. चिकटपणा आला तर लाख आहे. अशा फळीवर गरम कपाने पांढरे वर्तुळ उमटते आणि सॅनिटायझरने डाग पडतो, ही तिची उणी बाजू आहे. त्यावर आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे अखंड काच मात्र टाकू नये, कारण पावसाळ्यात खाली दमट हवा कोंडते आणि पॉलिश काचेला चिकटते. कामाच्या जागेपुरते चामड्याचे किंवा बनातीचे आच्छादन पुरते.

लॅपटॉपवर काम करायला ही मेजे उंच पडतात, असे आपण लिहिले आहे ते मला मान्य आहे. ही मेजे हाताने लिहिण्यासाठी केलेली आहेत, साधारण ३० इंच उंच असतात, आणि सव्वापाच फूट उंचीच्या व्यक्तीला त्यावर टंकलेखन करताना खांदे उचलावे लागतात. उंची कमी-जास्त होणारी खुर्ची आणि पायांखाली पाट, हा त्यावरचा सरळ उपाय आहे. मेजाचे पाय कापणे नव्हे. खरेदीपूर्वी मधल्या खणाखाली जमिनीपासून २४ इंच मोकळे आहेत का आणि दोन्ही बाजूंच्या खणांमध्ये तेवढीच रुंदी आहे का, हे टेपने मोजावे आणि खुर्ची ओढून प्रत्यक्ष बसून पाहावे. ही मापे जुळत नसतील, तर मेज कितीही देखणे असो, आपण म्हणता तसे नवेच करून घ्यावे. वायरसाठी पाठीला भोक पाडू नये. भिंतीपासून दोन-तीन इंच अंतर सोडले की वायरही जाते आणि पावसाळ्यात ओलही लागत नाही.

ते मेज पुन्हा पाहायला जाल तेव्हा सर्व खण काढून घ्या, विक्रेता घाई करील तरी सावकाश पाहा, आणि सौदा ठरण्याआधी बिलावर लाकूड कोणते, अंदाजे काळ कोणता आणि कोणता भाग नव्याने घातला आहे, हे लिहून मागा. ‘शंभर वर्षे’ हे शब्द बिलावर लिहायला तो तयार नसेल, तर त्या शंभर वर्षांचे पैसे किमतीतून वजा करायला सांगा.