छकुलीची पिशवी काढायची का?

गेल्या रविवारी दुपारी आमच्या मजल्यावरच्या काकू घरी आल्या, दार लोटून घेतलं आणि एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "अगं तू शिकलेली आहेस म्हणून विचारते, आमच्या छकुलीची पिशवी काढून टाकली तर चालेल का गं?"

पिशवी म्हणजे गर्भाशय. छकुली 13 वर्षांची आहे, तिला बौद्धिक अपंगत्व आहे. मे महिन्यात पाळी सुरू झाली आणि तेव्हापासून त्या घरात कोणाला धड झोप नाही. पॅड ओढून काढते, रक्त बघून घाबरते, ओरडते, आणि लालबागच्या चाळीत भिंतीला भिंत, सगळ्यांना ऐकू जातं. कोणा नातेवाइकाने काकूंना सांगितलं की एकदा ऑपरेशन केलं की दर महिन्याची कटकट संपेल, आणि उद्या "काही झालं" तरी निस्तरायला नको.

ते "काही झालं" ऐकून माझ्या पोटात गोळा आला. काही झालं म्हणजे कोणी तिच्यावर जबरदस्ती केली तर. पिशवी काढली की पाळी थांबेल, दिवस राहणार नाहीत, पण हात लावणारा माणूस थांबणार आहे का? उलट हिला दिवस जाणार नाहीत हे ज्याला माहितीये त्याची भीतीच गेली, आणि असं माहिती असलेला माणूस बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो.

मी काकूंना शिरूरचं सांगितलं. 1994 साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात नेऊन काढली होती, कारण काय तर त्यांना पाळीत स्वच्छता ठेवता येत नाही. तेव्हा महिला संघटनांनी रान उठवलं. आज कायदा आहे, दिव्यांग हक्क कायदा 2016, त्याच्या कलम 10 मध्ये स्पष्ट लिहिलंय की अपंग व्यक्तीच्या मर्जीशिवाय, तिला नीट समजावल्याशिवाय मूल होण्याची क्षमता जाईल असं काहीही तिच्यावर करायचं नाही. आणि त्याच कलमात आधी हे लिहिलंय की प्रजननाची आणि कुटुंब नियोजनाची माहिती अपंगांपर्यंत पोचवणं हे सरकारचं काम आहे. ऑपरेशनबद्दल निदान कोणीतरी बोलतं तरी, पण माहिती द्यायची हे कोणी बोलतच नाही.

मी जन्मापासून अंध आहे, त्यामुळे ही माहिती न मिळणं काय असतं ते मला कोणी सांगायची गरज नाही. मी आठवीत असताना 2007 ला महाराष्ट्र सरकारने शाळेतलं लैंगिक शिक्षण बंद केलं. ज्या मुंबईत र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं त्याच मुंबईत आमच्या बाईंनी पुस्तकातला प्रजननाचा धडा "घरी वाचा" म्हणून सोडून दिला. मी घरी वाचला. ब्रेलमध्ये "आकृती पहा" असं लिहिलेलं होतं आणि आकृती नव्हती. बाळ नक्की कुठून बाहेर येतं हे मला 19 व्या वर्षी कॉलेजच्या मैत्रिणीने सांगितलं, ते पण लोकलच्या अपंगांच्या डब्यात, कानात. डोळस मुलीला निदान भिंतीवरच्या जाहिराती दिसतात, सिनेमे दिसतात, चुलत बहिणीचा मोबाइल दिसतो. आम्हाला ज्याने तोंडाने सांगितलं किंवा हातात दिलं तेवढंच कळतं, आणि हे कोणी तोंडाने सांगत नाही न् हातात तर नाहीच नाही.

आता स्पर्शाचं. शाळाशाळांमध्ये गुड टच बॅड टच शिकवतात, चांगलंच आहे, पण ते चित्र दाखवून शिकवतात. अंध मुलीचं अख्खं आयुष्य स्पर्शावर चालतं. दादरच्या पुलावर रोज चार अनोळखी माणसं न विचारता माझा हात धरतात, कोणी दंड धरतं, कोणी पाठीवर हात ठेवून ढकलत नेतं, आणि लहानपणापासून मला काय शिकवलं तर "मदत करतायत, थँक्यू म्हण." मग त्यातला एक हात सरकत खाली आला की ते कुठल्या क्षणी मदत राहिली नाही हे 12 वर्षांच्या मुलीने कसं ओळखायचं? मला 16 व्या वर्षी असं झालं होतं आणि मी थँक्यू म्हणून घरी आले. आईला सांगायला माझ्याकडे शब्दच नव्हते, त्या अवयवांना आमच्या घरात नावं नव्हती. आज मी म्हणते, "मला धरू नका, तुमचं कोपर द्या, मी धरते." हे एक वाक्य मला शाळेत शिकवायला हवं होतं.

लग्नानंतर पण संपत नाही हे. माझे मिस्टर पण अंध आहेत. पाळी चुकली तेव्हा मेडिकलमधून टेस्टचं किट आणलं आणि त्यावर एक रेघ आली की दोन हे आम्हाला दोघांनाही कळेना, शेवटी शेजारच्या वहिनींना बोलावलं. आमच्या घरातली एवढी मोठी बातमी आमच्या आधी वहिनींना कळली. वहिनी चांगल्या आहेत, त्यांना आनंदच झाला, पण मला अजून ते लागतं. डॉक्टरकडे गेलो तर मॅडम मला सोडून वहिनींना विचारतात, "यांची शेवटची पाळी कधी?" मी समोर बसलेली. वर "दोघंही असे, मग नीट विचार केलाय ना?"

माझी एक मैत्रीण कर्णबधिर आहे, डॉक्टरकडे तिची आई खुणांनी समजावते, आता आईच्या समोर गर्भनिरोधकाबद्दल विचारणार कशी? मुलांचं तर कोणी नावच काढत नाही. त्यांना स्वप्नदोष म्हणजे आजार वाटतो, वर्षानुवर्षं मनात भीती घेऊन बसतात. बापाने एकदा शेजारी बसून हे सगळ्यांना होतं एवढं सांगितलं तरी केवढा भार उतरेल.

तर छकुली. मी काकूंना म्हटलं पिशवीचं राहू द्या, रक्त जास्त जातंय किंवा पोट फार दुखतंय तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे त्याची औषधं असतात, आधी ते विचारू. आणि पाळी नसतानाच तिला शिकवूया, आत्ता, भीती नसताना. काकूंनी निकर आणली, पॅड आणलं, वाटीत कुंकवाचं पाणी कालवलं. छकुलीनेच ते पॅडवर ओतलं, हात लावून बघितला, मग तिला निकरमध्ये चिकटवायला दिलं. पहिल्यांदा उलटं चिकटवलं. तिसऱ्यांदा जमलं तेव्हा एवढी टाळ्या वाजवत होती. काकूंनी कॅलेंडरवर लाल टिकल्या लावायचं ठरवलंय म्हणजे तिला आधी कळेल. आता रोज आंघोळीच्या वेळी एकेका अवयवाचं खरं नाव सांगायचं, आणि इथे आईशिवाय कोणी हात लावला तर "नाही" म्हणून ओरडायचं. "नको" शब्द तिला येतो, पण आजवर तिने "नको" म्हटलं की आपण सगळे "असं नाही म्हणायचं" म्हणून तिला गप्प करत आलोय. मी पण केलंय. मला तिच्या गालाला हात लावायचा असतो तेव्हा ती मान फिरवते आणि मी तरी लावते. रविवारी विचारून लावला.

बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींना पाळीबद्दल शिकवायला मराठीत सोपी चित्रं कोणाकडे असतील, किंवा लालबाग-परळच्या आसपास असं शिकवणाऱ्या स्पेशल टीचर कोणाला माहिती असतील तर प्लीज मला कळवा. पुढची तारीख 22 च्या आसपास आहे.