आमच्या विहिरीचं पाणी गटारात

आज २६ मार्च, आणि आमची विहीर आटली. १९६२ साली आजेसासऱ्यांनी खणलेली, तळापासून काठापर्यंत जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेली विहीर. मी लग्न होऊन या घरात आले त्याला एकवीस वर्षं झाली. भर मे महिन्यातसुद्धा तिच्यात कमरेएवढं पाणी असायचं. वैशाखात वाडीतल्या चार घरच्या बायका इथूनच कळश्या भरून न्यायच्या. आज सकाळी पोहरा सोडला तर तो तळाला आपटल्याचा आवाज आला. वर काढला तेव्हा त्यात शेडीची, म्हणजे तळच्या चिकणमातीची, पांढरट राड होती, वाटीभर. सासूबाई काठावर उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, आत जाऊन देवघरासमोर बसल्या. मला मात्र गप्प बसवत नाही.

विहीर उन्हाने आटलेली नाही. गेल्या पावसात रत्नागिरीत काही दुष्काळ पडला नव्हता. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारी ही जागा आहे. विहीर आटली कारण आमच्या गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणापलीकडे, २२ फूट खोल खड्डा मारलाय. आठ गुंठ्यांचा प्लॉट, त्यावर २८ फ्लॅट, आणि गाड्या लावायला तळघर. पूर्वी तिथे हापूसची अकरा कलमं होती आणि एक कौलारू घर होतं. घरवाले मुंबईला, त्यांनी विकलं. त्यांचा तो हक्क, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं आहे ते त्या खड्ड्यातल्या मोटरीबद्दल.

५ मार्चला पोकलेन खाली शेडीला लागला आणि खड्ड्याच्या चारी अंगांनी पाणी पाझरायला लागलं. दुसऱ्या दिवशी मोटर बसली. तेव्हापासून पहाटे पाच ते रात्री नऊ, सोळा तास ती मोटर खड्डा उपसते आणि तीन इंची पाइपातून ते पाणी रस्त्याकडेच्या गटारात सोडते. स्वच्छ पाणी आहे, मी ओंजळीत घेऊन बघितलंय. मी तिथे वीस लिटरची बादली लावली, हातात घड्याळ धरलं. आठ सेकंदांत भरली. तीनदा भरून बघितली, तीनदा आठच सेकंद. म्हणजे तासाला नऊ हजार लिटर. सोळा तासांत १ लाख ४४ हजार लिटर. पाच हजार लिटरचे जवळजवळ २९ टँकर, रोज, गटारात! आणि आज दुपारी आम्ही पैसे मोजून एक टँकर मागवला. तो टँकर फाटकातून आत वळताना त्याची चाकं त्याच वाहत्या गटारावरून गेली. ते बघून माझ्या डोक्यात जो जाळ उठला तो अजून शमलेला नाही.

ज्याला कोकणातल्या जमिनीचं काही माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. आमच्याकडे वर जांभा. तो दिसायला दगड, पण आतून जाळीसारखा पोकळ. पावसाचं पाणी त्याच्यातून सरसर खाली उतरतं. त्याच्याखाली शेडी, म्हणजे पांढरी-गुलाबी चिकणमाती. तिच्यातून पाणी सहजी उतरत नाही, म्हणून ते जांभ्याच्या तळाशी, शेडीच्या पाठीवर साचतं आणि उताराच्या दिशेने हळूहळू सरकत राहतं. आमच्या जुन्या माणसांनी विहिरी खणल्या त्या या थरापर्यंत. सगळ्या वाडीची तहान त्या एका थरावर. त्याच थराला कुणी शेजारी आठ गुंठ्यांचं भोक पाडलं आणि बाजूने मोटर लावून उपसत राहिलं, तर आजूबाजूच्या विहिरींचं पाणी त्या भोकाकडे धावणारच. हे कळायला भूगर्भशास्त्राची पदवी लागत नाही. विहीर खणणाऱ्या कुठल्याही गवंड्याला विचारा, तो सांगेल.

मग हे बांधकामाला परवानगी देणाऱ्याला का कळत नाही? नकाशात सगळं आहे. पुढची मोकळी जागा किती, मागची किती, उंची किती, रस्ता किती रुंद, गाड्या किती. जमिनीच्या वरचं इंच न् इंच मोजलंय. जमिनीखाली काय आहे, शेजारी विहिरी किती, त्यांना कधी किती पाणी असतं, या प्रश्नाला त्या कागदांत जागाच नाही. आमची विहीर त्या नकाशावर साध्या गोलानेसुद्धा दाखवलेली नाही. चाळीस फुटांवर आहे ती! खड्ड्याच्या कडेला उभं राहिलं तर तिचा रहाट दिसतो.

साइटवर गेले. सुपरवायझर इथलाच पोरगा, मला काकी म्हणतो. म्हणाला, "काकी, मला सांगून काय उपयोग? मोटर बंद केली तर उद्या सकाळी खड्ड्यात पुरुषभर पाणी असेल, मला कामावरून काढतील." त्याच्यावर राग नाही काढला. मालकाला फोन लावला. मालक गोड बोलतात. "वहिनी, आठ-दहा दिवसांचा प्रश्न आहे." आठ-दहा दिवस म्हणून आज एकवीस दिवस झाले. मी म्हटलं, पाइप गटारात सोडता तो आमच्या विहिरीजवळच्या आगरात सोडा, निदान काही पाणी मुरेल. तर म्हणाले, पाइप वाढवायला खर्च आहे आणि उद्या तुम्हीच म्हणाल आगरात चिखल झाला. चाळीस फूट पाइप! २८ फ्लॅट विकणाऱ्या माणसाला चाळीस फूट पाइप परवडत नाही. खोटं बोलतात, आणि आपण खोटं बोलतोय हे समोरच्याला कळतंय याचीही त्यांना लाज नाही.

अर्ज घेऊन एका कार्यालयात गेले. तिथे म्हणाले, परवानगी नियमात आहे, पाण्याचा विषय आमच्याकडे नाही. दुसऱ्या कार्यालयात गेले. तिथे म्हणाले, खासगी विहीर आहे ना, मग आम्ही काय करणार. अर्जावर आवक क्रमांक घातला, शिक्का मारला आणि कागद गठ्ठ्यात गेला. दोन्हीकडच्या एकाही माणसाने खुर्चीतून उठून विहिरीपर्यंत यायची तयारी दाखवली नाही. दहा मिनिटांचा रस्ता आहे.

शेवटी वकिलांकडे गेलो. त्यांनी १८८२ चा इझमेंट ॲक्ट, म्हणजे शेजारच्या जमिनीसंबंधीच्या हक्कांचा कायदा, उघडून दाखवला. त्यात सरळ लिहिलंय, की जमिनीखालचं पाणी ठरलेल्या प्रवाहातून वाहत नसेल, तर ज्याच्या हद्दीत ते सापडेल त्याने ते साठवावं, त्याची विल्हेवाट लावावी, तो त्याचा हक्क. आमच्या जांभ्यातलं पाणी ठरलेल्या प्रवाहातून कुठे वाहतं? ते सगळ्या थरातून झिरपतं. म्हणजे भांडायला आधार पातळ. १८८२ साली माणूस पाणी उपसायचा ते रहाटाने, बैल जुंपून, नाहीतर हाताने पोहरा ओढून. त्याने दिवसभर उपसलं तरी शेजाऱ्याची विहीर रात्रीत भरून यायची. तो कायदा लिहिणाऱ्यांसमोर पोकलेन नव्हता, सोळा तास चालणारी मोटर नव्हती. त्यांना दोष देत नाही. पण आज सव्वाशे-दीडशे वर्षांनी माझ्या विहिरीचा न्याय त्याच ओळीवर व्हायचा असेल तर माझा जीव जळतो.

त्याच कायद्यात एक गोष्ट आमच्या बाजूने आहे, तीही त्यांनीच दाखवली. शेजारच्या जमिनीने आपल्या जमिनीला जो नैसर्गिक आधार दिलेला असतो, तो काढून घ्यायचा हक्क शेजाऱ्याला नाही. आणि तो आधार त्यांनी काढलाच आहे. खड्ड्याची कड आमच्या गडग्यापासून पाच फुटांवर, सरळ उभी कापलेली, तिला अजून भिंत नाही. गडग्याला दोन ठिकाणी फट गेली आहे. बोट जाईल एवढी. आत्ता उन्हाळा आहे म्हणून उभा आहे. जूनमध्ये पाऊस लागला, शेडी भिजली, की ती साबणासारखी निसटते. २२ जुलै २०२१ ला एकाच दिवशी चिपळूण बुडालं, तिकडे रायगडमधल्या तळिये आणि इकडे खेडमधल्या पोसरे इथे दरड घरांवर आली. तो दिवस आम्ही टीव्हीसमोर थिजून बसून काढला. तो डोंगर होता, हा गडगा आहे, मान्य. पण गडग्याला लागून माझ्या सासूबाईंची झोपायची खोली आहे. पावसाळ्याआधी भिंत होईल का, हे विचारलं तर उत्तर काय, "होईल, वहिनी."

ब्रेकरचा आवाज, धूळ, डंपरने फोडलेली पाखाडी (दगडी पायवाट), यावर आणखी पानभर लिहिता येईल. जानेवारीत राहिलेल्या दोन कलमांच्या मोहरावर धुळीचा थर बसला आणि मोहर काळा पडून गळला. रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवायची नाहीत, असा नियम आहे. इथे पाचलाच मोटर धडधडते. पण हे सगळं सोसता येईल. काम संपेल, धूळ बसेल, पाखाडी पुन्हा बांधता येईल. विहिरीचं तसं नाही.

कारण उद्या इमारत उभी राहिली की पुढचा प्रश्न येणार आहे. २८ घरांचं सांडपाणी आणि मैला कुठे जाणार? इथे गटारयोजना नाही. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर लांब हवा असं मानक आहे. मी नकाशावर पट्टी ठेवून, गडग्यापुढचं विहिरीपर्यंतचं अंतर धरून मोजलं, बारा मीटरसुद्धा भरत नाही. विहीर नकाशातच नाही म्हटल्यावर कोण कशापासून मोजणार? आणि साध्या मातीत १८ मीटर ठीक असेल, आमच्या जाळीदार जांभ्यात पाणी किती वेगाने पळतं ते गेल्या एकवीस दिवसांत सगळ्या वाडीने बघितलंय. म्हणजे आत्ता पाणी त्यांच्या खड्ड्यात ओढून घ्यायचं, आणि पुढे विहीर भरलीच तर तिच्यात त्यांचा मैला झिरपायचा.

लोक मला म्हणतात, शहर वाढतंय, घरं लागणारच. मला कळतं ते. माझ्या भाच्याने दोन वर्षांपूर्वी फ्लॅट घेतला, कर्ज काढून, मी स्वतः त्याच्या वास्तुशांतीला पुरणपोळ्या लाटल्या. त्या फ्लॅटखाली तळघर नाही. खालचा मजला मोकळा सोडलाय, खांबांमध्ये गाड्या लागतात, जांभा फोडला तो पायाच्या खड्ड्यांपुरता. आजूबाजूच्या विहिरी भरलेल्या आहेत. म्हणजे बांधता येतं! गाड्या जमिनीवर लावता येतात! इथे तळघर का, तर गाड्या वर लावल्या तर खालच्या मजल्यावर दुकानं काढता येत नाहीत. पाच दुकानांसाठी चार घरांची विहीर गेली.

नाचणे, मिरजोळे, शिरगाव, कुवारबाव, सगळीकडे शहर असंच पसरत चाललंय. कुवारबावच्या तर नावातच बाव आहे, बाव म्हणजे विहीर. आमच्या लोकांनी जागेला नाव देताना आधी पाणी बघितलं. आता एक कागद त्या फायलीत घालायला काय हरकत आहे? खोल खणायच्या आधी शंभर मीटरच्या आतल्या विहिरी मोजा, त्यांची पातळी लिहा, मालकांची सही घ्या. पाणी लागलं तर ते गटारात न सोडता तिथेच मुरवा. विहीर आटली तर ती भरेपर्यंत टँकर खणणाऱ्याच्या खर्चाने. एवढंच मी अर्जात लिहिलं होतं. तो अर्ज गठ्ठ्यात आहे.

आता रात्रीचे साडेआठ झालेत, मोटर चालू आहे. सासूबाई कळशीतलं पाणी वाटीने मोजून तुळशीला घालतायत. शेजारच्या तीन घरांतल्या वहिनी आत्ता येऊन गेल्या. त्यांच्याही विहिरींत दोन-दोन फूटच पाणी उरलंय. उद्या सकाळपासून आम्ही चौघी रोज सातला चारही विहिरींत मोजपट्टी सोडणार, फोटो काढणार, तारीख-वेळ घालून वहीत लिहिणार. सोमवारी ती वही, बादलीचा हिशोब आणि गडग्याच्या फटीचे फोटो घेऊन चौघी मिळून त्या कार्यालयात जाणार. आणि साहेब उठून विहिरीपर्यंत चालत येत नाहीत तोवर तिथून हलणार नाही.