गच्चीवरचा कॅमेरा आणि डीएपीचं पोतं

दरवर्षी जूनच्या तोंडावर गावाकडून दादाचा फोन ठरलेला. "डीएपी मिळेना रे. दुकानदार म्हणतोय, सोबत दुसरी बाटली घ्या, तरच पोतं देतो." लिंकिंगचं हे रडगाणं आता पेरणीइतकंच नेमाचं झालंय. यंदा मी मध्येच त्याला विचारलं, "त्या खताला लागणारा दगड कुठून येतो, माहितीये का?" "मला पोतं मिळेना, आन् तू दगड इचारतो," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

म्हणून इथे लिहितोय.

फॉस्फेटचा हा दगड आपल्याकडे ज्या देशांतून येतो त्यात मोरोक्को मोठा. पण मोरोक्को विकतो त्यातला काही दगड मोरोक्कोचा नाहीच. तो मोरोक्कोच्या दक्षिणेला असलेल्या पश्चिम सहारातल्या बू क्रा खाणीतून निघतो आणि वाळवंटातून सुमारे १०० किलोमीटर लांबीच्या सरकत्या पट्ट्यावरून समुद्राकाठी येतो. हा प्रदेश सहरावी लोकांचा. १९७५ च्या ऑक्टोबरात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितलं की मोरोक्कोचा यावर सार्वभौम हक्क सिद्ध होत नाही. पुढच्याच महिन्यात मोरोक्कोने साडेतीन लाख माणसं सीमेवर चालत पाठवली, तोवर तिथे राज्य करणाऱ्या स्पेनने हात झटकले, आणि हजारो सहरावी अल्जीरियातल्या तिंदुफजवळच्या छावण्यांत गेले. त्यांची नातवंडंही आज तिथेच आहेत. मोरोक्को आणि सहरावींची लढाऊ संघटना पोलिसारियो यांच्यात १९९१ मध्ये युद्धबंदी झाली ती स्वतंत्र व्हायचं की मोरोक्कोत जायचं, या सार्वमताच्या बोलीवर. ते सार्वमत आजपर्यंत झालेलं नाही. युद्धबंदीही २०२० मध्ये मोडली.

हे सगळं आपल्या कानावर का येत नाही? कारण तिथून बातमी बाहेरच पडत नाही. परदेशी पत्रकार तिथल्या लायून या मुख्य शहरात उतरला की बहुतेकदा पुढच्या विमानाने परत. संयुक्त राष्ट्रांचं पथक तिथे १९९१ पासून आहे, पण मानवी हक्कांवर लक्ष ठेवायचा अधिकारच त्याला दिलेला नाही. २०१३ मध्ये अमेरिकेने तसा प्रस्ताव आणला होता, मोरोक्कोने डोळे वटारले आणि तो बारगळला.

मग उरतात तिथलीच पोरं. २००९ मध्ये लायूनच्या काही तरुणांनी 'इक्विप मीडिया' सुरू केलं. काम साधं आणि जिवावरचं: मोर्चा निघाला की गच्चीवर पालथं पडून चित्रण करायचं, पोलीस जिने चढायच्या आत मेमरी कार्ड दुसऱ्याच्या हाती द्यायचं. त्यांचे व्हिडिओ बघा. हलतात, अर्धी चौकट कठड्याने खाल्लेली असते. आपल्याकडच्या ड्रोन-शॉटला सरावलेल्या डोळ्यांना ते गचाळ वाटतील. मला तो कठडाच खरा वाटतो. मोहम्मद लमीन हद्दी नावाचा वार्ताहर २०१० च्या ग्देइम इझिक इथल्या सहरावींच्या आंदोलनानंतर पकडला गेला, त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली. कॅमेरा हातात धरायची किंमत तिथे ही आहे.

पण सगळ्यात जास्त मी ज्यांना मानतो ते ब्रसेल्सचे. 'वेस्टर्न सहारा रिसोर्स वॉच'. यांचं काम बघून आपल्या तलाठ्याची आठवण होते. घोषणा नाहीत, नुसती नोंद. बू क्राचा माल भरून कुठलं जहाज निघालं, किती टन, कुठल्या बंदरात रिकामं झालं. २०१७ मध्ये 'एनएम चेरी ब्लॉसम' हे न्यूझीलंडला निघालेलं जहाज दक्षिण आफ्रिकेत पोर्ट एलिझाबेथला अडकलं. सहरावींनी कोर्टात दाद मागितली होती. वर्षभर जहाज तिथेच उभं राहिलं, आणि माल सहरावींचा, असा निकाल २०१८ मध्ये लागला. एक सबंध जहाज, नुसत्या चिकाटीने अडवलेलं!

वॉचच्या यादीत माल घेणाऱ्यांत भारताचंही नाव आहे. आणि बातमी गोव्यापर्यंत येते, बरं का. झुआरीनगरचा खत कारखाना २०२२ पासून पारादीप फॉस्फेट्सकडे आहे, आणि त्या कंपनीत मोरोक्कोच्या ओसीपी या सरकारी फॉस्फेट कंपनीची भागीदारी आहे. गोव्यातल्या पोत्यात बू क्राचाच दगड असतो, असं मी म्हणत नाहीये. दगड एकदा आम्लात विरघळला की त्याचं गाव कुठलं ते पोत्यावर छापत नाहीत, एवढंच.

"पण हे लोक एकतर्फी आहेत," असं कुणीतरी म्हणेलच. आहेत. छावण्यांमधली वृत्तसंस्था आणि 'आरएएसडी टीव्ही' पोलिसारियोचे आहेत, आणि पोलिसारियोनेही स्वतःच्या टीकाकारांना कोठडी दाखवली आहे. ते वाचताना चिमूटभर मीठ हवंच. पण जहाजाचं नाव आणि तारीख कुणालाही ताडून पाहता येते. दुसऱ्या बाजूला मोरोक्कोच्या सरकारी कार्यक्रमांची गुळगुळीत चित्रं आहेत, आणि ती ताडून पाहायला तिथे कुणाला जाऊ देत नाहीत.

आपण एकेकाळी सहरावींना ओळखत होतो. १९८५ मध्ये भारताने पोलिसारियोने जाहीर केलेल्या सहरावी प्रजासत्ताकाला मान्यता दिली, २००० मध्ये ती काढून घेतली. दोन्ही वेळा आपल्याकडे ना जल्लोष झाला ना निषेध. २०२५ च्या ऑक्टोबरात सुरक्षा परिषदेने प्रदेश मोरोक्कोतच ठेवून स्वायत्तता द्यायच्या मोरोक्कोच्या योजनेलाच वाटाघाटींचा आधार मानलं, ते मला मराठीत कुठे वाचायला मिळालं नाही. स्पॅनिशमधून यंत्राने केलेलं वेडंवाकडं भाषांतर वाचून समजलं.

तेव्हा पुढचं जहाज आपल्या किनाऱ्याकडे वळलेलं दिसलं की दादाला स्क्रीनशॉट पाठवणार आहे. त्याचं उत्तर मला आत्ताच ठाऊक आहे: "त्यांना इचार, पोतं किती रुपयाला पडंल?"