बाम हिरवाच हवा होता

काल संध्याकाळी आत्याबाई आल्या. मी मंगळवारी पहाटे चार वाजता बँकॉकहून उतरले, त्याच दिवशी ऑफिस गाठलं, काल पुन्हा ऑफिस, पाय अजून सुजलेले. आणि दारात नवऱ्याच्या सख्ख्या आत्या. हातात कापडी पिशवी. रिकामी, नीट घडी घातलेली. माणूस सहज आलंय की वसुलीला आलंय, ते पिशवीवरून कळतं.

"दमली असशील ना गं," असं म्हणून, उत्तराच्या फंदात न पडता सोफ्यावर बसल्या. "आणलंस?"

आणलं होतं. सहा बाटल्या. एकेक बाटली मोज्यात घालून, मोजे संपले तेव्हा रुमालात गुंडाळून. तेराशे पन्नास रुपयांच्या बुटांना खोक्यातून बाहेर काढून घरी मोकळं आणलं, कारण बुटांच्या खोक्यात आत्याबाईंचा बाम होता.

त्यांनी चष्मा लावला. बाटली ट्यूबलाइटसमोर धरली.

"हा पिवळा आहे."

"हो."

"मी हिरवा सांगितला होता."

नव्हता सांगितला. फोनमध्ये मेसेज आहे, आत्ता परत वाचला: 'गुडघ्याचा बाम ६ नग. तिकडचा.' बास. तिकडचा हा काय रंग आहे? बँकॉकमध्ये बामाच्या दुकानात उभं राहून बघा एकदा. हिरवा, पिवळा, लाल, पांढरा, काळा. पातळ, घट्ट, नाकात खुपसायच्या नळीतला. मी त्या दुकानदारणीला गुडघा धरून लंगडून दाखवलं, तेव्हा तिनं पिवळा दिला. वर आत्याबाईंना वाघाच्या चित्राचाही हवा होता, 'ओरिजिनल थायलंडचा'. तो मुळात रंगूनचा आणि आता सिंगापूरच्या कंपनीचा, पण हे त्यांना कोण सांगणार? मी नाही.

"शेजारच्यांच्या सुनेनं आणलेला कसा, लावला की असा झोंबायचा. हा डुप्लिकेट वाटतोय." आणि तेवढ्यात आमच्या कामाच्या मावशी पोळ्या आटोपून निघाल्या, तर आत्याबाईंनी सहातली एक बाटली त्यांच्या हातात ठेवली. माझ्यासमोर. "घ्या हो, तुमचेही पाय दुखतात." मावशींना मिळाली याचं काही नाही, त्यांची एक मी वेगळी आणलीच होती. पण मी समुद्र ओलांडून आणलेली वस्तू अशी दोन मिनिटांत वाटून टाकायची? हळदीकुंकवाचं वाण आहे का ते?

मग ते वाक्य आलं. "किती झाले गं?" पर्स मांडीवर, पर्सची चेन बंद, हात चेनीपासून वीतभर लांब. या स्वरात विचारलेल्या प्रश्नाला मराठीत एकच उत्तर असतं.

"राहू द्या हो."

मीच म्हणाले. माझंच तोंड.

तीन रात्री, चार दिवस. वर्षभर भिशी लावून, सेलमध्ये तिकीट काढून, प्रातुनामच्या गल्लीत असं हॉटेल घेतलं होतं की लिफ्टमध्ये एक तर बॅग मावेल नाहीतर मैत्रीण. व्हिसा लागला नाही म्हणून किती आनंद. आगमनाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो, तो सरकारी साइटवर फुकट आहे. आमच्या मैत्रिणीनं कुठल्याशा दिसायला तशाच साइटवर पैसे देऊन भरला. तिला मी चार दिवस ऐकवलं. आता ती मला ऐकवते, का ते पुढे येईलच.

'बँकॉकला चाललोय' म्हटल्यावर भावोजींचं ते हसू वेगळंच. "दोघीच? बँकॉकला? काय बघणार तिथे?" देऊळ बघणार, भावोजी. 46 मीटर लांब निजलेला बुद्ध आहे वाट फोमध्ये. तुम्ही गेला होतात तेव्हा ऑफिसच्या ग्रुपनं काय बघितलंत ते आम्ही विचारलं नाही कधी.

आणि बघितला का तो बुद्ध? बारा मिनिटं! त्यातली चार वहिनींच्या व्हिडिओ कॉलमध्ये गेली. मी त्या पावलांच्या तळव्यांवरचं शिंपल्याचं जडावकाम बघतेय, आणि फोनमधून, "अगं ते राहू दे, प्लॅटिनम मॉलला गेलीस की बॅक कॅमेरा लाव." देवाकडे पाठ करून मी "हो वहिनी" म्हणाले. बँकॉक आपल्या दीड तास पुढे आहे हे घरात एकालाही पटलेलं नाही. इथे जेवणंखाणं, सिरियल आटपून अकराला फोन करायचे, तिथे साडेबारा. "झोपलीस होय? एवढ्यात?"

राजवाड्याची गोष्ट तर काढूच नका. 500 बाट तिकीट. गेटाच्या अलीकडे इस्त्रीच्या शर्टातला एक सभ्य गृहस्थ, "टुडे क्लोज्ड मॅडम, बुद्धा डे." टुकटुकवाला शेजारीच उभा, वीस बाटमध्ये तीन देवळं दाखवतो म्हणे, आणि मध्ये रत्नांचं दुकान. मी पुण्यात वाढलेय, दुपारी एक ते चार बंद असण्याचा आम्हाला अनुभव आहे, पण तो बंदवाला कसा निर्विकारपणे दार लावतो! हसून, वाकून, दुसरीकडे चला म्हणणारा माणूस बंदचं खरं बोलत नसतो. त्याला ओलांडून गेलो तर राजवाडा सताड उघडा. पण मैत्रिणीची पँट गुडघ्याच्या वर, म्हणून आत सोडेनात. मग समोरून हत्तीछाप लेंगा घ्या. तो लेंगा घालून ती जी मिरवली, की वाटेत दिसलेल्या प्रत्येक हत्तीछाप लेंग्याचा फोटो घरच्या ग्रुपवर गेला, आणि ग्रुपवरून ऑर्डरी सुटल्या. ताईंना दोन, वहिनींना एक, भाचीला 'त्यातलाच पण हत्ती लहान असलेला'.

वहिनींना एक! प्लॅटिनममध्ये एक कुणी घेत नाही. एक घेतला तर एक भाव, तीन घेतले तर होलसेल. घालून बघायचं नाही, अंगाला लावायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. एकाच्या नादात मी तीन घेतले. दुकानदारीण कॅल्क्युलेटरवर आकडा टाकते, मी त्यावर निम्मा टाकते, ती खुदकन हसते, परत आकडा टाकते. तुळशीबागेत मी बायकांना रडवलंय. इथे ती हसत हसत माझे पैसे घेऊन गेली, वर हात जोडून.

शनिवारी चातुचाक. 15 हजारांवर गाळे, 27 विभाग, वर पत्रे, आत माणसं. आणि यादीत काय? 'निळ्या गोंड्यांची पर्स. माझ्या मैत्रिणीनं घेतली होती ना त्या बाजारात, तिथून.' त्या बाजारात! दीड तास शोधली. नारळाच्या करवंटीतलं आइस्क्रीम खाल्लं ते उभ्यानं, त्यातही एक डोळा गोंड्यांवर. मिळाली. घरी आल्यावर काय ऐकलं असेल? "अय्या, हा निळा होय?"

आता विमानतळाचं सांगते. सगळा संताप खरा तिथला आहे, आत्याबाई निमित्त.

चेक-इनला 20 किलो, हातात 7. आमच्या ह्यांनी निघताना वजनाचा तो हुकवाला काटा पुढे केला होता. मी म्हणाले, मला अंदाज आहे. काउंटरवर बॅग ठेवली: 24.6. ती मुलगी इतकी गोड हसली की मला वाटलं सोडतेय. "सॉरी का." हे 'का' प्रश्नाचं नाही, तिथल्या बायकांचं अदबीचं. मग सुवर्णभूमी विमानतळाच्या चकचकीत फरशीवर, मागे रांगेत निम्मी मुंबई उभी असताना, मी बॅग उघडली. आमचे अंतर्वस्त्र, आत्याबाईंचा बाम, चिंचेच्या गोळ्या, वाळवलेले आंबे (कोकणातल्या माणसांनी थायलंडहून आंबा मागवला, नोंद घ्या), हत्ती, हत्ती, हत्ती. मागून एक काका, "मॅडम, दोन कपडे अंगावर चढवा." चढवले. दोन लेंगे आणि एक जॅकेट. तरी काटा हलेना.

शेवटी ती वस्तू काढली.

इथे एक कबूल करते. तोवर मी मनातल्या मनात सासरच्या बावीस माणसांचा उद्धार करत होते. पण लेंगे, बाम, गोळ्या, सगळं मिळून चार किलोसुद्धा नव्हतं. चार किलोंचा होता तो माझा खलबत्ता. काळ्या ग्रॅनाइटचा, पपईच्या सॅलडवाल्या बायका कुटतात तसला. यादीत कुणाच्याच नव्हता. चातुचाकमध्ये दिसला आणि मला वाटलं, यात शेंगदाण्याची चटणी काय होईल! घरी माळ्यावर सासूबाईंचा दगडी खलबत्ता आहे. बारा वर्षांत एकदाच खाली आला, पावसाळ्यात बाल्कनीचं दार अडवायला.

तर खलबत्ता काढून हातातल्या बॅगेत घातला. मोठी बॅग पट्ट्यावरून सरकत आत गेली. मी हुश्श केलं. मग ती मुलगी पुन्हा गोड हसली आणि माझ्या हातातल्या बॅगेकडे बोट दाखवलं. 11 किलो. भरा पैसे. भरले. त्या पैशांत प्रातुनामच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांनी माझे पाय रगडून दिले असते, आणि मी चार दिवसांत एकदाही मसाज घेतला नव्हता, वेळच नव्हता, गोंडे शोधत होते.

सिक्युरिटीला बॅग एक्स-रेमधून गेली आणि तिथेच थांबली. तिघे जमले. एकानं बत्ता बाहेर काढला, हातात तोलला, दुसऱ्याला दाखवला. हत्यार. नेता येणार नाही. खल न्या, बत्ता नाही. मी म्हटलं, चटणी, चटणी. हातानं कुटूनही दाखवलं, आणि ते कुटणं बघून तर त्यांची खात्रीच पटली.

आत गेल्यावर तिथे समुद्रमंथनाचा तो भला मोठा देखावा आहे, देव एकीकडे, राक्षस एकीकडे, मध्ये वासुकी. सगळे मराठी लोक तिथे फोटो काढतात. मी दोन लेंगे आणि जॅकेटमध्ये घामाघूम, मांडीवर नुसता खल घेऊन त्याच्यासमोर बसले होते. मैत्रीण म्हणाली, "फॉर्मचे पैसे गेले माझे, पण निदान दगडाला नाही गेले." चार दिवस तोंडात बोळा धरून बसली होती बया.

काल जाता जाता आत्याबाईंना ओट्यावर खल दिसला. "हा छान आहे गं. बत्ता कुठाय?"

मी म्हटलं, "तिकडे."

त्या गेल्यावर उरलेला पिवळा बाम कमरेला लावला, तिसऱ्या बाटलीतला. त्यांनी रागानं दोनच नेल्या. झोंबतो हो, चांगला झोंबतो.

आणि आज ऑफिसात कळलं की अकाउंट्समधली ती नवीन मुलगी पुढच्या महिन्यात बँकॉकला चाललीये, तीन रात्री, चार दिवस. मी तिला दुपारीच मेसेज टाकला: 'येताना एक बत्ता आणशील का? काळा. तिकडचा. किलोभराचाच असतो.'