रजा शिल्लक : 300

तर तुम्ही 47 वर्षांचे आहात आणि परवा रविवारी चहा पिता पिता "सहा महिने सगळं सोडून फिरून यावं म्हणतो" असं घरात बोलून गेलात. बोललात ते बोललात. आता ते निस्तरायचं कसं, तेवढं मी सांगतो. माझा अधिकार काय म्हणाल, तर राज्य शासनाच्या सेवेत मला 33 वर्षं झाली आणि या काळात सलग 12 दिवसांच्या वर मी कधी रजेवर गेलेलो नाही. ते 12 दिवसही स्वतःच्या लग्नाचे.

आधी सोसायटीचा विचार करा. धडधाकट माणूस सहा महिने दिसला नाही, तर वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळे दोनच गोष्टी धरतात : एक तर निलंबन, नाहीतर किडनी. आपल्याकडे इतके दिवस गायब राहायला एकच सभ्य कारण आहे, ते म्हणजे लेकीचं न्यू जर्सीतलं बाळंतपण. तिथे आजी-आजोबा सहा महिने तळघरातल्या खोलीत राहून डिंकाचे लाडू वळतात, आणि त्याला कुणी भटकणं म्हणत नाही. तुमची लेक अजून नववीत आहे. तेव्हा थांबा.

आता रजेकडे येऊ. रजा घेण्यासाठी असते, हा नोकरीत नवीन लागलेल्यांचा गैरसमज. रजा साठवण्यासाठी असते. 1 जानेवारीला 15 आणि 1 जुलैला 15 दिवस अर्जित रजा खात्यावर जमा होते. थेंबे थेंबे करत 300 दिवसांना तळं काठोकाठ भरतं आणि निवृत्त होताना त्याचे दहा महिन्यांच्या पगाराइतके पैसे हातात पडतात. माझं तळं 13 वर्षांपूर्वीच भरलं. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी नवे 15 दिवस येतात आणि सांडव्यावरून वाहून जातात. हिशेब मांडला तर वर्षाहून जास्त रजा अशी गेली. पण तळं बघा कसं भरलेलं दिसतं! आस्थापनेतली मुलं नव्या लोकांना माझं रजेचं खातं दाखवतात.

एवढं सांगूनही रजा घ्यायचीच असेल, तर अर्जात "प्रवास" हा शब्द लिहू नका. आमच्याकडे एका सहकाऱ्याने तीन महिन्यांच्या रजेच्या अर्जात कारण म्हणून "भारतभ्रमण" असं लिहिलं. फाईल सात टेबलांवर फिरली, म्हणजे भ्रमण तिचंच झालं. शेवटी "कारण सबळ वाटत नाही" असा शेरा घेऊन परत आली. त्याच महिन्यात दुसऱ्याने मणक्याचं प्रमाणपत्र जोडलं, त्याची रजा दुसऱ्या दिवशी मंजूर. मणका सरळ असताना रजा मागणं हा आपल्याकडे उर्मटपणा समजतात. त्याच्यासाठी आधी मणका खराब करून यावा लागतो, आणि खुर्चीची सोय कार्यालय विनामूल्य करतं.

शास्त्राचा आधार शोधत असाल तर तोही घ्या. पन्नाशीनंतर वानप्रस्थ, असं आपले पूर्वज सांगून गेले. पण त्यांच्या डोक्यावर वीस वर्षांचं गृहकर्ज नव्हतं. अरण्यात हप्ता कापला जातो का, याचा खुलासा मनूने केलेला नाही.

म्हणून निवृत्तीनंतर जायचं. 58 ला मोकळे झालात की जग आपलंच. नाही म्हणायला बारीकसारीक गोष्टी आहेत. साठीनंतर पुरुषांना रेल्वेच्या तिकिटात 40 टक्के सवलत मिळायची, ती मार्च 2020 मध्ये बंद केली. कैलास-मानसरोवराला सरकारतर्फे जायचं तर वय 70 च्या आत आणि बीएमआय 25 च्या आत हवा; डोलमा खिंड 5,600 मीटरच्या वर आहे आणि तिथे कँटीन नाही. 2020 ते 2024 अशी पाच वर्षं यात्राच बंद होती, हे ऐकून मला फार बरं वाटलं होतं. आपण गेलो नाही, ते योग्यच केलं.

राहता राहिली नर्मदा परिक्रमा. खरं सांगायचं तर तुमच्या मनात तीच आहे, मला ठाऊक आहे. पन्नाशीला टेकलेल्या मराठी माणसाला एकदा तरी नर्मदा चावतेच. नदी 1,312 किलोमीटर लांब, म्हणजे दोन्ही काठ मिळून 2,600 च्या वर. ती सतत उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही. शास्त्रोक्त मुदत 3 वर्षं, 3 महिने, 13 दिवस. एवढ्या मुदतीत आमच्याकडे पंख्याची दुरुस्ती होते. हल्ली चार-सहा महिन्यांतही करतात, आणि ज्यांना बूट मळवायचे नसतील ते बसने पंधरा-वीस दिवसांत आटोपतात, वाटेत साबुदाणा खिचडीसह.

पायी जाणाऱ्याची अवस्था मात्र बघवत नाही. राजपत्रित अधिकारी, आणि कुणाच्या तरी ओट्यावर बसून सदावर्ताची डाळ-पीठ घेतो, तीन दगड मांडून टिक्कड भाजतो! शूलपाणीच्या झाडीत पूर्वी अंगावरचे कपडेही काढून घेत, असं जुने लोक सांगायचे. आता त्याच झाडीतली माणसं हाक मारून जेवायला बसवतात म्हणे, आणि जुन्या वाटेचा बराच भाग सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेला आहे. म्हणजे लुटारूही नाहीत, वाटही नाही. मग जायचं कशाला? एकच गोष्ट मला त्यातली पटली. आश्रमाआश्रमांतून वहीवर शिक्के घेत जायचं असतं. त्या शिक्क्यांवर नोंदणी क्रमांक नसतो, हे मात्र खटकलं.

माझं स्वतःचं परिक्रमेचं नियोजन पक्कं आहे. माझी जन्मतारीख अर्थातच 1 जून. आमच्या वेळी गुरुजींनी शाळेत नाव घालताना निम्म्या महाराष्ट्राला त्याच दिवशी जन्माला घातलं. त्यामुळे निवृत्ती येत्या 31 मे रोजी. त्यानंतर पावसाळा. मग चातुर्मास, त्यात परिक्रमावासी चालत नाहीत, एका जागी मुक्काम करतात. मी तो पुण्यात करीन. कार्तिकी एकादशी झाली की निघायला मोकळा. मध्ये फक्त उजव्या गुडघ्याचं काय ते बघायचं आहे. डॉक्टर म्हणाले, डावाही बघून घेऊ. रजेचे पैसे तेव्हा उपयोगी पडतील. उगाच नाही साठवत माणूस.

एक गोष्ट सांगायची राहिली. आमची ही गेली परिक्रमेला. गेल्या कार्तिकात, धाकट्या बहिणीबरोबर, पायी. नोकरी कधी केली नाही, त्यामुळे तिच्या खात्यावर रजा नव्हतीच, आणि ती साठवायची असते हे तिला कुणी शिकवलं नाही. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "अहो, कारण कशाला? माझे पाय चालतायत अजून." याला काय शेरा मारणार? डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवून गेली : हळद, हिंग, मेथीदाणे, "हे मीठ आहे, साखर नव्हे". ओंकारेश्वराहून निघाली, दक्षिण काठाने पश्चिमेकडे. पहिले आठ दिवस फोन यायचा तो पायाच्या फोडांचा. नंतर फोड गेले, फोनही कमी झाले. मी दर रात्री विचारायचो, "गॅसची नळी बदलायची होती, ती कुठे ठेवलीस?"

1 जानेवारीला सकाळी विमलेश्वरहून तिचा फोन आला. भरतीची वाट बघत किनाऱ्यावर शंभरेक माणसं बसली होती, मागे "नर्मदे हर" चाललेलं ऐकू येत होतं. नाव सुटली की नदी समुद्राला मिळते तिथून पलीकडे, मिठीतलाईला, मग उत्तर काठ. "अहो, पाणी अजून गोडच लागतंय," ती म्हणाली, आणि रेंज गेली.

मी डबा घेऊन कार्यालयात गेलो. नवीन वर्षाचा पहिला दिवस, रजेवर बरेच जण होते. आस्थापनेतल्या मुलाला सांगून माझं रजेचं खातं काढायला लावलं. 15 जमा, 15 व्यपगत. शिल्लक 300.

त्याने विचारलं, "सर, सही?" केली.