झाकलं बॉनेट सव्वा लाखाचं

जुनी आलिशान एसयूव्ही घ्यायची असेल तर आधी घ्यायचं नक्की करा, गाडी मग बघा. उलटं केलंत की डोक्यात शंका शिरतात. एकदा मन ठरलं की उरलेली तपासणी लेदरच्या सीटवर बसून, छताची काच मागेपुढे सरकवून आणि दार दोनदा लावून आटोपते. दाराचा आवाज इतका घट्ट येतोय म्हणजे इंजिनही चांगलंच असणार. हा तर्क खोडून काढणारे लोक फक्त गॅरेजमध्ये भेटतात, तेही व्यवहार झाल्यावर.

किंमत बघून तर मुळीच बिचकू नका. नवी असताना जिच्याकडे नुसतं बघायचीही सोय नव्हती, ती आता साध्या नव्या हॅचबॅकच्या भावात मिळतेय. का मिळतेय, हे विचारणं करंटेपणाचं. दहा वर्षांत गाडीचा भाव उतरतो. टर्बोचा, इंजेक्टरचा, एअर सस्पेन्शनच्या कॉम्प्रेसरचा उतरत नाही. गाडी जुनी झाल्याची बातमी सुट्या भागांच्या दरपत्रकापर्यंत कुणी पोचवलेलीच नसते. विकणाऱ्याला हे कळून चुकलंय. तुम्हाला कळायला अजून अवकाश आहे, तोवर त्याचं ऐका: त्याला "फक्त मॉडेल बदलायचंय".

बघायला जायची वेळ आधी फोनवर पक्की करा आणि निघताना पुन्हा एकदा कळवा, "अर्ध्या तासात पोचतो." विकणाऱ्याला इंजिन तापवून ठेवायला तेवढा वेळ लागतोच. रात्रभर उभं राहिलेलं थंड इंजिन सुरू केलं की ते नको तेवढं खरं बोलतं. ऑइलचा दाब चढेपर्यंत टायमिंग चेन (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी) ताणून धरणारा टेन्शनर ढिला असतो, त्यामुळे झिजलेली चेन पहिल्या दोन-तीन सेकंदांत खळखळते आणि मग गप्प बसते. व्हॉल्व्हच्या म्हाताऱ्या सीलमधून रात्रभर झिरपलेलं ऑइल निळ्या धुराचा एक भपकारा देऊन जळून जातं. पाच मिनिटांत सगळा पुरावा नाहीसा. तुम्ही सहाव्या मिनिटाला पोचा. पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवून ते गरम आहे का बघणारे लोक असतात, पण आपल्यावर तसे संस्कार नाहीत.

धूर दिसलाच तर रंगाकडे दुर्लक्ष करा. निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंधन नीट जळत नाहीये, आणि इंजिन तापल्यावरही न विरणारा, गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे इंजिन थंड ठेवणारं कुलंट सिलेंडरमध्ये उतरतंय. हे माहीत नसणारा माणूस सुखी असतो. गाडीचे फोटो समोरूनच चांगले येतात, तुम्हीही तिथेच उभे राहा.

ऑइल तपासायच्या भानगडीतून कंपन्यांनीच तुमची सुटका केली आहे. कित्येक महागड्या मॉडेलांत ऑइल मोजायची सळई, म्हणजे डिपस्टिकच नसते. पडद्यावर एक पट्टी दिसते, ती भरलेली असली की झालं. पट्टीला रंग नसतो, वास नसतो, बोटांत चोळून कचकच बघायची सोय नसते. तरी एखाद्या आगाऊ मित्राने ऑइल भरायचं झाकण उघडलंच, तर आतल्या काळ्या चिकट थराला "इंजिनचं संरक्षण" म्हणा. पिवळट साय दिसली तर विकणारा सांगेल की हवेतली ओल आहे. थंडीत जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत ती खरोखर ओलच असू शकते. कुलंट ऑइलमध्ये मिसळलं तरी हुबेहूब तशीच साय येते, पण बरं बोलणाऱ्यावर विश्वास ठेवायला काय हरकत आहे? झाकली मूठ उघडायला तुम्हाला सांगितलं होतं कुणी?

धुऊन पुसून लखलखणारं इंजिन दिसलं तर मात्र लगेच टोकन द्या. गळती शोधणाऱ्याला धूळ आणि तिच्यात बसलेले ऑइलचे डाग लागतात. इथे तो प्रश्नच निकालात काढलेला आहे.

काही मंडळी गाडी बघण्याआधी त्या विशिष्ट इंजिनाची कुंडली काढतात. तसलं काही वाचू नका, झोप उडेल. बीएमडब्ल्यूने २००८ मध्ये आणलेल्या एन६३ या व्ही८ ('व्ही' आकारात मांडलेले आठ सिलेंडर) इंजिनात दोन्ही टर्बो सिलेंडरांच्या दोन रांगांच्या मधल्या खोबणीत, म्हणजे मुळातच भट्टी असलेल्या जागी बसवले. २०१४ मध्ये कंपनीने अमेरिकेत या इंजिनासाठी खास मोहीम काढली, चेनपासून इंजेक्टरपर्यंत भाग तपासून दिले आणि ऑइल बदलण्याची मुदत १५,००० मैलांवरून १०,००० वर आणली. पोर्शच्या पहिल्या पिढीच्या व्ही८ कायेनमध्ये कुलंटचे पाइप प्लास्टिकचे होते. ते तडकायला लागल्यावर अॅल्युमिनियमचे आले. ऑडी क्यू७ च्या ४.२ लिटर व्ही८ पेट्रोलची टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, त्यामुळे चेन बदलायची तर आधी इंजिन बाहेर. मर्सिडीजच्या ओएम६४२ डिझेलमध्ये ऑइल कूलरचं सील चिल्लर किमतीचं, पण ते बसतं व्हीच्या तळाशी. तिथे हात पोचायला टर्बो आणि हवा आत नेणारं इनटेक उतरवावं लागतं. म्हणजे सीलचे पैसे थोडे, मजुरीचे विचारू नका. एवढं सगळं वाचून बसलात तर विकणाऱ्याला नेमके प्रश्न विचाराल, आणि त्याला ते आवडणार नाही.

सर्व्हिसचं पुस्तक मागा, पण आत डोकावू नका. शिक्के आहेत, बस. सगळे शिक्के एकाच शाईचे, एकाच तिरप्या हाताचे असतील तर त्याला सातत्य म्हणतात. फोक्सवॅगन-ऑडीच्या 'लाँगलाइफ' वेळापत्रकात ऑइल ३०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षांपर्यंत चालतं, तेव्हा पहिल्या मालकाने दोनदाच बदललं असेल तरी तो नियमाने वागलाय. पहिल्या तीन-चार वर्षांत खर्चाचा आकडा छान दिसतो, नंतरचं बघायला तुम्ही आहातच. गिअरबॉक्सचं ऑइल तर म्हणे कधी बदलायचंच नसतं. यातल्या बऱ्याच गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी ते ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी बदला असं सांगते. पण गिअरबॉक्स बनवणाऱ्याला गिअरबॉक्समधलं काय कळतं?

आता मीटर. तो कमी असेल तर डोळे मिटून घ्या. ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड चेपलीय, स्टिअरिंगचं लेदर आरशासारखं चमकतंय, या गोष्टी फक्त आकडा कमी नसताना महत्त्वाच्या. इंजिन एकूण किती तास चाललं याचीही नोंद काही गाड्यांच्या संगणकात असते. ती काढायला लावू नका. ६०,००० किलोमीटर आणि ४,००० तास असं निघालं तर सरासरी वेग ताशी १५ येतो. म्हणजे एक तर गाडी आयुष्यभर एसी लावून गर्दीत उभी होती, नाहीतर मीटरला कुणीतरी हात लावलाय. दोन्ही उत्तरं रसभंग करतात.

मीटर खरा असला तरी धोका टळत नाही, हा भाग मला फार आवडतो. "वयस्कर गृहस्थ होते, फक्त रविवारी कोपऱ्यापर्यंत काढायचे" हे वाक्य गुण म्हणून सांगितलं जातं. डिझेल इंजिनचा धुराचा फिल्टर साफ व्हायला गाडी काही वेळ सलग, गरम चालावी लागते. दर वेळी ती मध्येच बंद केली की फिल्टर काजळीने भरतो आणि साफसफाईसाठी फवारलेलं जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. मग ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढते. अशी बरकत दुसऱ्या कुठल्या गाडीत दिसणार?

स्कॅनर लावणारा माणूस सोबत नको. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागलेला नाही, विषय संपला. चावी फिरवताच तो दिवा क्षणभर लागून विझायला हवा आणि इथे तो लागतच नाहीये, इतकं बारकाईने बघण्यात अर्थ नाही. सकाळीच संगणकातले बिघाडाचे कोड पुसले असतील तर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या 'अपूर्ण' दिसतात आणि पुरेशी चालवल्याशिवाय त्या पूर्ण होत नाहीत. ते दाखवणारा माणूस तुमचा शुभचिंतक असूच शकत नाही.

आपला मेकॅनिक तर घरीच ठेवा. तो गाडी लिफ्टवर चढवा म्हणेल, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, बघेल, सिलेंडरा-सिलेंडरांत १५ टक्क्यांहून जास्त फरक दिसला की तोंड वाकडं करेल. प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून सिलेंडरच्या भिंतीवरचे ओरखडे दाखवेल. त्याहून शहाणा असला तर ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवेल: शिसं आणि तांबं वाढलं तर बेअरिंग झिजताहेत, सिलिकॉन वाढलं तर एअर फिल्टर धूळ अडवत नाही, सोडियम-पोटॅशियम दिसलं तर कुलंट आत शिरतंय. एका बाटलीभर काळ्या तेलाचं ऐकून एवढी देखणी गाडी सोडायची? विकणाऱ्याने "लिफ्टवर नको, ओरखडे पडतील" म्हटलं तर त्याचं गाडीवरचं प्रेम ओळखा.

चालवून बघताना गाणी लावा, मोठ्याने. एवढे स्पीकर दिलेत ते टर्बोची शिटी ऐकायला नाहीत. चढावर नेऊ नका, आणि लांब उतारावर पाय काढून मग एकदम अॅक्सिलरेटर दाबू नका. मागे निळा लोट दिसला तर तो तुम्हाला आरशात दिसेल.

एवढं सगळं सांभाळून गाडी घरी आली की एकच काम उरतं. काही जर्मन कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेतच लिहिलेलं असतं की हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत ऑइल खाणं सामान्य आहे. म्हणजे दहा हजारांत पाच लिटर, तेही सगळं सुरळीत असताना. तेव्हा एक कॅन कायम गाडीत ठेवा. एसयूव्हीची डिकी एवढी मोठी उगाच दिलेली नसते.